परिचारिका सभागृहात पोचते तेव्हा

गेल्या आठवड्यात नर्सिंग शिकणारी एक मुलगी आमच्या वसईच्या दवाखान्यात आली होती. म्हणाली, "डॉक्टर, आम्ही फक्त सांगितलेलंच करायचं का हो?" तिला दोन नावे सांगितली.

पहिले किशोरी पेडणेकर यांचे. पेशाने परिचारिका, पुढे नगरसेविका आणि २०१९ मध्ये मुंबईच्या महापौर. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, त्या परिचारिकेचा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या.

दुसरे अमेरिकेतील एडी बर्निस जॉन्सन यांचे. डॅलसला माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्या मनोरुग्ण विभागाच्या मुख्य परिचारिका होत्या. १९७२ साली टेक्सास राज्याच्या विधानसभेवर, १९८६ साली तेथील सिनेटवर आणि १९९२ साली देशाच्या संसदेवर निवडून आल्या. संसदेत पोचलेल्या त्या पहिल्या नोंदणीकृत परिचारिका.

याचा आपल्या प्रकृतीशी काय संबंध? डॉक्टर राउंड घेऊन जातो. सलाईन संपले, ताप चढला, धाप लागली, हे आधी सिस्टरला कळते. एकटीकडे फार रुग्ण असले तर कळायला उशीर होतो आणि तो जिवावर बेततो. इस्पितळात परिचारिका किती हव्यात, हे कायदे व नियम ठरवतात. आपल्याकडे खासगी नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या राज्य कायद्याने होते. तो कायदा सभागृहातच झाला.

तेव्हा वाचकहो, घरच्या माणसाला दाखल करताना खोलीचे भाडे विचारता, तसेच "रात्रपाळीला प्रशिक्षित सिस्टर किती?" हेही विचारा. मते मागायला येणाऱ्यांनाही सरकारी दवाखान्याबद्दल हाच प्रश्न करा.