‘सिमिलर’ म्हणजे ‘सेम’ नव्हे! जाणून घ्या अर्थ, उगम आणि वापर

‘ते नाही, पण हे सिमिलरच आहे, घेऊन जा,’ असं दुकानात बऱ्याचदा ऐकायला मिळतं. पण सिमिलर म्हणजे नेमकं काय?

अर्थ : सारखं, मिळतंजुळतं; पण तेच नव्हे. अगदी तेच असेल तर ‘सेम’. जुळ्या भावांचे चेहरे सिमिलर, माणसं मात्र दोन.

उगम : लॅटिनमधल्या ‘सिमिलिस’वरून फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. गंमत म्हणजे इंग्रजीतला ‘सेम’ आणि संस्कृतातून आलेला आपला ‘सम’ हेही याच कुळातले.

वापर : सिमिलरच्या पुढे ‘टू’ लावतात. ‘सिमिलर लाइक’ म्हणणं चूक.

हे लक्षात ठेवा : १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात ‘डिसेप्टिव्हली सिमिलर’ असा शब्द आहे. म्हणजे नाव किंवा चिन्ह इतकं मिळतंजुळतं, की गिऱ्हाईक फसावं. म्हणून बियाणं किंवा फवारणीचं औषध घेताना नुसता पाकिटाचा रंग आणि चित्र बघू नका. कंपनीचं पूर्ण नाव, लॉट किंवा बॅच नंबर आणि मुदत वाचा. पक्कं बिल घ्या. सिमिलर पाकिटात सेम माल असेलच असं नाही!