एक मीटरची दोस्ती

मालवण-तारकर्लीला ग्रुपने जाऊन ‘स्कूबा’ केलेले आपल्यात कमी नाहीत. त्या पहिल्या डाइव्हमध्ये इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडर धरून असतो. आपण मासे बघायचे, कॅमेऱ्यासमोर ‘ओके’ची खूण करायची आणि वर येऊन स्टोरी टाकायची. पाठीवरच्या सेटमधली कुठली नळी किती लांब आहे, हे बघायची गरजच पडत नाही. मलाही पडली नव्हती. सर्टिफिकेट कोर्सला बसले तेव्हा पडली.

पूलमध्ये एअर शेअरिंगचा सराव सुरू होता. माझी उंची पाच फूट दोन इंच, माझा बडी जवळपास सहा फुटांचा. त्याने गळ्यावरून हात फिरवून ‘हवा संपली’ची खूण केली. मी पिवळा रेग्युलेटर पुढे केला. त्याने तो तोंडात धरला आणि डोकं जरा मागे घेतलं, तर माउथपीस तिरकं होऊन तोंडात पाणी! ठसका लागला, दोघंही धडपडून उभे राहिलो. पाणी छातीएवढंच होतं म्हणून बरं. सरांनी सेट तपासला. भाड्याने आणलेल्या त्या सेटच्या पिवळ्या रेग्युलेटरला कुणीतरी आखूड होज लावून ठेवला होता.

‘‘तुला एकटीला श्वास घ्यायला हा सेट चालेल,’’ सर म्हणाले, ‘‘पण त्याला द्यायला नाही चालणार.’’

नळ्यांची ओळख

सिलिंडरच्या तोंडाशी बसतो तो फर्स्ट स्टेज. भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो. फर्स्ट स्टेज तो भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा जेमतेम नऊ-दहा बार जास्त, इतका खाली आणतो. तिथून सहसा चार होज निघतात. एक प्रेशर गेजला जातो, एक बीसीडी जॅकेट फुगवायला, एक आपल्या तोंडातल्या रेग्युलेटरला आणि एक ‘ऑक्टोपस’ला. ऑक्टोपस म्हणजे जादाचा रेग्युलेटर, बडीसाठी ठेवलेला. तो पटकन दिसावा म्हणून बहुतेक वेळा पिवळा असतो.

आपल्या तोंडातल्या रेग्युलेटरचा होज साधारण २८ ते ३० इंचांचा, म्हणजे ७१ ते ७६ सेंटिमीटर असतो. ऑक्टोपसचा ३६ ते ४० इंच, म्हणजे जवळपास एक मीटर. हा फरक बडीसाठी ठेवलेला असतो.

आखूड की लांब?

आखूड होज मान वळवली की माउथपीस ओढतो. सतत दातांनी धरून ठेवावं लागतं आणि डाइव्ह संपेपर्यंत जबडा दुखायला लागतो. मग लांबच घेतला तर? त्याचा डोक्याशेजारी मोठा वळसा तयार होतो. प्रवाहात तो फडफडतो, कशात तरी अडकतो आणि रेग्युलेटर एका बाजूला ओढतो. म्हणून कॅटलॉगमधला आकडा बघून होज घेऊ नका. सिलिंडर आणि बीसीडी अंगावर चढवा, रेग्युलेटर तोंडात धरा आणि मान पूर्ण डावीकडे, उजवीकडे, वर वळवून बघा. ताण येत नाही आणि कानाजवळ मोठा फुगवटाही राहत नाही, तो आपला होज. बारीक चणीच्या मुलींना आणि दणकट खांद्यांच्या मुलांना एकच माप बसेल असं नाही.

ऑक्टोपसची परीक्षा मात्र एकट्याने घेता येत नाही. बडीला समोर उभं करा, त्याच्या तोंडात तो द्या आणि एकमेकांचे हात धरून अंतर ठेवा. त्याला मान वाकडी न करता श्वास घेता आला पाहिजे.

सात फुटांचं कारण

काही डायव्हर तब्बल सात फुटी होज वापरतात. ही पद्धत फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांमध्ये रुळली. तिथे काही वाटा इतक्या अरुंद असतात की दोघांना शेजारी-शेजारी पोहता येत नाही, एकामागे एकच जावं लागतं. एकाची हवा संपली तर पुढच्याने मागच्याला श्वास पुरवायचा कसा? त्यासाठी ही दोन मीटरहून लांब नळी. ती अंगाभोवतीच गुंडाळलेली असते: उजव्या कुशीखालून, छातीवरून, मानेमागून तोंडात. गरज पडली की डायव्हर स्वतःच्या तोंडातलाच रेग्युलेटर समोरच्याला देतो आणि गळ्यात इलॅस्टिकने अडकवलेला दुसरा स्वतः घेतो. घाबरलेला माणूस बऱ्याचदा समोरच्याच्या तोंडातलाच ओढतो, म्हणून द्यायचा तोच, असा त्यामागचा विचार.

मोकळ्या समुद्रात डाइव्ह करणारे काही जण याच पद्धतीने पाच फुटी होज वापरतात. पण तसा होज पाहिला आणि ऑनलाइन मागवला, असं करू नका. देण्याची पद्धतच बदलते, त्यामुळे आधी प्रशिक्षण हवं. नवशिक्यांना एक मीटरचा ऑक्टोपस पुरेसा आहे.

तो वापरायची वेळ आली, तर १८ मीटरवरून, मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर यायला दोन मिनिटं लागतात. एका सिलिंडरवर दोघं, आणि मध्ये ती नळी.

पूलमधल्या त्या दिवशी सरांनी होज बदलला आणि आम्ही तोच सराव पुन्हा केला. या वेळी ठसका लागला नाही. आता भाड्याचा सेट हातात आला की मी आधी गेज बघते आणि लगेच पिवळा रेग्युलेटर बडीच्या तोंडापर्यंत पोचतो का ते. तोही माझ्या बाबतीत तेच करतो.

पाण्यात उतरण्याआधी

• होजच्या टोकाचं रबरी कव्हर सरकवून बघा. भेगा बहुतेकदा तिथेच लपतात.
• लो प्रेशर आणि हाय प्रेशर होजचे आटे वेगळे असतात. होज माहीतगाराकडूनच बदलून घ्या.
• ऑक्टोपस हनुवटी आणि बरगड्यांच्या मधल्या त्रिकोणात अडकवा. तो लोंबकळत ठेवू नका.
• डाइव्हनंतर गोड्या पाण्याने धुवा. होज घट्ट दुमडून बॅगेत कोंबू नका.