युद्धनौकांचे नामकरण आणि रायगड किनाऱ्याची सागरी स्मृती

प्रस्तावना :
माझगाव डॉक येथे बांधलेली 'सुरत' ही विनाशिका १५ जानेवारी २०२५ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. 'विशाखापट्टणम', 'मुरगाव' व 'इंफाळ' या तिच्या भगिनीनौकांनाही स्थळांचीच नावे आहेत. अमेरिकेत मात्र विनाशिकांना नौदलातील वीरांची नावे देण्याची परंपरा आहे. १९९१ मध्ये 'आर्ली बर्क' ही नौका दाखल झाली, तेव्हा दुसऱ्या महायुद्धात नाव कमावलेले ॲडमिरल बर्क हयात होते. या पार्श्वभूमीवर सरखेल कान्होजी आंग्रे यांची स्मृती आपल्या नौदलाने कशी जपली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यक्तिनाम :
नौदलाच्या परंपरेनुसार किनाऱ्यावरील आस्थापनेलाही नौकेचाच दर्जा असतो व तिच्या नावाआधी 'आयएनएस' हे बिरुद लागते. मुंबईतील अशा एका आस्थापनेचे 'डलहौसी' हे नाव बदलून १९५१ मध्ये 'आंग्रे' असे ठेवण्यात आले. मुंबईच्या जुन्या किल्ल्याचे अवशेष याच परिसरात आहेत. हा किल्ला ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील सत्तेचे केंद्र होता. कंपनीने १७१८ मध्ये खांदेरीवर, तर १७२१ मध्ये पोर्तुगीजांच्या साहाय्याने कुलाब्यावर मोहीम काढली. कान्होजींनी दोन्ही मोहिमा निष्फळ ठरविल्या. ज्यांना कंपनीने 'चाचे' म्हटले, त्यांचेच नाव आज त्या जागेस आहे.

स्थलनाम :
शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये थळसमोरील खांदेरी बेटावर दुर्गबांधणी सुरू केली. मुंबई बंदराच्या तोंडाशी उभा राहणारा हा दुर्ग इंग्रज व सिद्दी या दोघांनाही खुपणारा होता. मायनाक भंडारी यांनी तो नेटाने राखला. याच दुर्गाचे नाव धारण करणारी पहिली पाणबुडी १९६८ ते १९८९ या काळात नौदलाच्या सेवेत होती. दुसरी 'खांदेरी' २८ सप्टेंबर २०१९ रोजी दाखल झाली.

निष्कर्ष :
नौका सेवानिवृत्त होते, पण तिचे नाव पुढील नौकेकडे जाते. स्मृतीचे हे सातत्य नामकरणामुळे साधते. तथापि केवळ नावाने इतिहास कळत नाही. खांदेरी हा दुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. ओहोटीला पायी गाठता येणारा कुलाबा पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला 'चाचे' हा शब्द कोणी व कोणत्या हेतूने वापरला, हे सांगता आले पाहिजे. त्यासाठी इतिहास व भूगोल विभागांनी या किनाऱ्याचा संयुक्त अभ्यास हाती घेणे अगत्याचे आहे.