पाणी कोमट की अंग गार?

नरकचतुर्दशीची पहाट. सासूबाईंच्या पाठीला उटणे लावून मी शॉवर सोडला, तशा त्या शहारल्या. "पाणी तापलं नाही का?" मी विचारले.

"तापलंय गं सूनबाई. माझंच अंग आता गार पडत चाललंय."

मी धारेखाली हात धरला. पाणी धड कोमटही नव्हते. वयानेच आपली ऊब नेली, असे समजून त्या कितीतरी दिवस मुकाट्याने कुडकुडत न्हात होत्या!

आम्ही मूळचे बीदरचे. तिथे तांब्याचा बंब पेटवला की घरभर धूर होई, पण पाणी कढत मिळे. गावाला स्नानाची परंपराही थोर. किल्ल्यात रंगीन महालाजवळचा शाही हमाम आजही उभा आहे आणि पुरातत्त्व खात्याचे वस्तुसंग्रहालय त्यातच आहे. पुढे यजमानांची बदली शहाबादला झाली. सासूबाईंना खांद्याच्या दुखण्याने तांब्या उचलवेना, म्हणून चार वर्षांपूर्वी १५ लिटरचा गिझर आणि शॉवर बसवला.

त्या दिवशी आम्ही शोधाला लागलो. प्रथम गार पाण्याचा नळ बंद करून नुसते गरम पाणी बादलीत घेतले. ते कढत असते, तर दोष गार-गरम पाणी मिसळणाऱ्या नळाचा ठरला असता. तेही कोमटच निघाले. म्हणजे दोष गिझरात होता.

मग विजेचा संशय आला. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर कॉइलची शक्ती सुमारे ६० टक्क्यांवर येते. २ किलोवॉटचा गिझर १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २१ मिनिटे घेतो. तेच काम मग ३४ मिनिटांचे होते. पण आमचा तांबडा दिवा तर दहा मिनिटांतच विझत होता! पाणी तापण्याआधीच गिझर 'झाले' म्हणत होता.

वायरमनने मुख्य स्विच बंद करून, पाणी काढून गिझर उघडला. कॉइलवर पांढऱ्या दगडाचे जाड पुट चढले होते. शहाबादची फरशी महाराष्ट्रात घरोघरी आहे. तो चुनखडीचा दगड. तोच आमच्या बोअरच्या पाण्यात विरघळलेला असतो आणि पाणी तापले की कॉइलवर बसतो. कॉइल आणि थर्मोस्टॅटची नळी या पुटाने एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या. पुटातली धग थर्मोस्टॅटला लागे आणि पाणी तापले असे समजून तो वीज तोडी. बीदरच्या जांभ्या दगडाच्या पठारावर अशा चुन्याचा त्रास आम्हाला कधी जाणवला नव्हता.

साबणाला फेस न येणे, पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरणे, ही लक्षणे स्वयंपाकघरात रोज दिसत होती. त्यांचा अर्थ आम्ही लावला नव्हता. वायरमनने लिंबूसत्त्वाच्या पाण्याने पुट सोडवले, झिजलेली मॅग्नेशियमची कांडी बदलली आणि वर्षातून एकदा गिझर उघडून साफ करायला बजावले. शॉवरची बुजलेली भोके मी रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवून मोकळी केली.

एक हिशेब मात्र उरलाच. ६० अंशांचे १५ लिटर पाणी २० अंशांच्या पाण्यात मिसळले, की ४० अंशांचे ३० लिटर होते. मिनिटाला ८ लिटर सोडणारा शॉवर ते पावणेचार मिनिटांत संपवतो. आमच्याकडे आधी शाळेची मुले, मग कचेरीची माणसे आणि शेवटी सासूबाई, असा क्रम होता. गिझर दुरुस्त झाला, तरी घाईच्या त्या क्रमात त्यांच्या वाट्याला कोमट पाणीच आले असते.

आता पहिली अंघोळ सासूबाईंची. वायरमन येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या न्हाणीघरातून बाहेर आल्या, तेव्हा चेहरा लाल झाला होता. "अगं, चटका बसला की!" त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. किती दिवसांनी त्यांनी तक्रार केली होती! मी थर्मोस्टॅट थोडा खाली आणला.