युनिकोड मराठी टंकलेखन : अपरिचित संकेत आणि प्राध्यापकांचा आत्मविश्वास

'आम्हाला संगणक जमत नाही' हे उद्गार महाविद्यालयांतील प्राध्यापक-कक्षात वारंवार ऐकू येतात. स्वविषयात अधिकार असलेली व्यक्तीही मराठी मजकूर टंकलेखकाकडे सोपविते. या न्यूनगंडाचे मूळ वयात वा बुद्धीत शोधण्याची प्रथा आहे. वस्तुतः ते बहुतांशी कोणी न सांगितलेल्या संकेतांत असते.

पहिली वेलांटी हे याचे बोलके उदाहरण होय. मराठी टंकलेखन यंत्रावर, व त्याच धाटणीच्या जुन्या संगणकीय फाँटांत, चिन्हे कागदावर दिसतात त्या क्रमाने उमटविली जात; म्हणजे वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठविली जातात. तेथे व्यंजन आधी द्यावयाचे. वेलांटी डावीकडे नेऊन दाखविण्याचे काम संगणक करतो. जुन्या सवयीने 'कविता' लिहू जाता 'किवता' उमटते, आणि 'विषय' लिहिताना प्रारंभीच ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. चिन्हाला व्यंजनाचा आधार मिळाला नाही, एवढाच त्या वर्तुळाचा अर्थ. तो ठाऊक नसणारी व्यक्ती मात्र आपल्या हातून काही बिघडले असे समजून कळफलकापासून दूर होते.

जुन्या फाँटांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेल्या होत्या. त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर वर्षानुवर्षांच्या परिश्रमाचा शोधनिबंध रोमन अक्षरांची निरर्थक रांग होऊन उघडतो. यातही दोष लेखकाचा नसतो. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीस १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग आहे.

इस्की या १९९१ च्या भारतीय मानकात अंतर्भूत असलेला इन्स्क्रिप्ट कळफलक प्रथमदर्शनी परका वाटतो. त्याची रचना मात्र वर्णमालेस धरून आहे. स्वर व स्वरचिन्हे डाव्या हाताकडे, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे. इंग्रजी 'के'च्या कळीवर क, तीच कळ शिफ्टसह दाबल्यास ख. 'डी'च्या कळीवर हलन्त आहे. क, हलन्त, त या क्रमाने 'क्त' सिद्ध होतो. पाय मोडून जोडाक्षर शिकविणाऱ्या भाषाशिक्षकास हे नवे नाही! 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेदही येथे राखला जातो. पहिल्यात र, तर दुसऱ्यात शिफ्टसह येणारा ऱ वापरावयाचा असतो.

अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेविषयीच्या विश्वासाची मीमांसा केली. प्रत्यक्ष कृतीतून आलेले यश हा या विश्वासाचा सर्वांत प्रभावी स्रोत होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या दृष्टीने 'अगदी सोपे आहे' असे म्हणत भराभर कळा दाबणारा प्रशिक्षक हानीच करतो. सोपे असूनही जमले नाही, एवढेच शिकणाऱ्याच्या मनात उरते. त्याऐवजी वेलांटीचा क्रम, हलन्त आणि ऱ या तीन गोष्टी प्रथम सांगून प्रत्येकाकडून स्वतःचे नाव व एखादा परिच्छेद लिहून घेणे अधिक फलदायी ठरते.

जुन्या फाँटांतील मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी परिवर्तक आज्ञावल्या उपलब्ध आहेत. परंतु त्या रफार व जोडाक्षरे यांत चुकू शकतात. अशा वेळी 'अर्थ'चा 'अथर्' झालेला ओळखून दुरुस्त करण्याचे काम विषय जाणणाऱ्या अभ्यासकालाच करावे लागते.