परदेशी डीव्हीडी इथे का अडते?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली जपानला गेले, तेव्हा तिथे ५२५ रेषांचा टीव्ही सुरू झालेला होता. भारताने १९५९मध्ये ६२५ रेषा घेतल्या. तोच फरक डीव्हीडीत उतरला: जपान-अमेरिकेत एनटीएससी, सेकंदाला सुमारे ३० चित्रं, आपल्याकडे पाल, २५. वर विभागाचं कुलूप: अमेरिका १, जपान २, भारत ५.

अमेरिकेतून गुरुकुंज मोझरीला आलेली घरच्या लग्नाची डिस्क मात्र बहुधा बिनकुलपाची. रूपांतराला पैसे मोजण्याआधी ती लावून तर बघा. आपल्याकडचे बरेच प्लेअर दोन्ही पद्धती वाचतात. चित्र काळं-पांढरं दिसलं किंवा वर सरकत राहिलं, तर सेटिंगमध्ये पाल निवडा.

विकतच्या सिनेमाचं प्रकरण वेगळं. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडल्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५-अ नुसार (२०१२ची दुरुस्ती) दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.