टाइपस्क्रिप्टचं नवं व्हर्जन आलं, म्हणून वेबसाइट परत करायची का?

ऑर्डर घेणारी वेबसाइट करून घेतली, आणि वर्षभरात डेव्हलपर म्हणतो, "टाइपस्क्रिप्टचं नवं व्हर्जन आलंय, सगळं परत करावं लागेल." त्या कोटेशनला हो म्हणण्याआधी एवढं वाचा.

टाइपस्क्रिप्ट ही मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आणलेली, जावास्क्रिप्टवर उभी असलेली भाषा. तिच्यात कुठली माहिती आकडा आणि कुठली मजकूर, हे आधीच ठरवता येतं. साध्या जावास्क्रिप्टमध्ये २५० ही किंमत मजकूर म्हणून आली आणि तिच्यात डिलिव्हरीचे ५० मिळवले, तर ३०० नाही, २५०५० होतात! "एकूण रक्कम आकडाच हवी" असं कोडमध्ये लिहून ठेवलं, की ही चूक साइट लाइव्ह होण्याआधीच दिसते.

आता मुद्द्याचं. ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये टाइपस्क्रिप्ट चालतच नाही. त्याचं आधी जावास्क्रिप्ट होतं आणि तेच चालतं. त्यामुळे नवं व्हर्जन आलं म्हणून तुमची चालू साइट बंद पडत नाही.

नवी व्हर्जन दर काही महिन्यांनी येतात. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपायलर गो भाषेत आणत असल्याचं आणि तो सुमारे १० पट वेगवान होणार असल्याचं जाहीर केलं. बातमी मोठी आहे, पण हा वेग डेव्हलपरच्या कॉम्प्युटरवरचा. तुमचं पेज त्याने लवकर उघडणार नाही.

मग आपण काय करायचं?

१. साइट कुठल्या व्हर्जनवर आहे ते विचारून लिहून ठेवा. पूर्ण कोड, लॉक फाइलसकट, आपल्या ताब्यात घ्या.

२. तीन महिन्यांतून एकदा डेव्हलपरला विचारा, "नव्या व्हर्जनमध्ये आपल्या कामाचं काय आहे?"

३. बदलायचंच असेल तर आधी वेगळ्या कॉपीवर करून बघा. नवं व्हर्जन जुन्या कोडमध्ये नव्या चुका दाखवू शकतं. दिवाळीच्या तोंडावर तर हात लावूच नका.

४. सिक्युरिटी अपडेट मात्र वेगळी गोष्ट. सर्व्हर आणि पेमेंटशी संबंधित पॅकेजची अपडेट टाळू नका.

कोटेशन आलं की एकच प्रश्न विचारा: "हे केलं नाही तर माझ्या ग्राहकाला काय अडेल?" उत्तर नीट मिळालं, तरच पैसे मोजा.